घोडा दाखवायच्या निमित्तानं पळवलेली नवरी: स्वीडनच्या सरदार घराण्यांतली लग्नं समजून घेताना

1573 चा मार्च महिना, स्वीडनमधे अजून बर्फ आहे. स्टॉकहोमच्या दक्षिणेला म्यॉर्क्यो नावाचं बेट आहे, त्यावर ह्यॉर्निंग्सहोल्म नावाचा वाडा. तिथे एरिक स्टेनबॉक नावाचा सरदार पाहुणा म्हणून आलेला, सोबत त्याची बहीण सेसिलिया. घरातली मुलगी मालिन स्तूरे हिला तो म्हणतो, तुझ्यासाठी घोडा आणलाय, बाहेर येऊन बघ तरी. ती अंगणात येते, तो तिला स्लेजमधे बसवतो आणि दोघं निघून जातात. बाहेर घोडेस्वार तयार उभे असतात आणि हे स्वार दिलेले असतात खुद्द राजाच्या धाकट्या भावानं, ड्यूक कार्लनं. मालिनच्या आईला, मार्ता लेयोनहुवूदला, हे कळतं तेव्हा ती जिन्यावरच चक्कर येऊन पडते.

एवढं ऐकलं की आपल्या डोक्यात लगेच सिनेमा तयार होतो, प्रेमी जोडपं, दुष्ट आई, पळून जाणं वगैरे. मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं. पण मग वयं बघितली. मालिनचा जन्म 1539 चा आणि एरिकचा 1538 चा, म्हणजे पळाली तेव्हा ती तेहेतिशीच्या पुढे आणि तो पस्तिशीजवळ. कोवळ्या वयातला अविचार नव्हता हा, वर्षानुवर्षं वाट बघून थकलेल्या दोन मोठ्या माणसांनी उचललेलं पाऊल होतं. मग आई इतकी वर्षं नाही का म्हणत होती? हे समजायचं तर त्या काळात स्वीडनच्या सरदारांमधे लग्न म्हणजे नेमकं काय होतं ते बघावं लागतं, आणि ते मी जमेल तितकं सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी नाती, कारण नाती नीट लावली नाहीत तर पुढचं काहीच कळणार नाही. लेयोनहुवूद घराण्यात बऱ्याच बहिणी होत्या, त्यातल्या तीन आपल्याला हव्यात. मार्गारेता, ब्रीता आणि मार्ता. मार्गारेताचं लग्न 1536 मधे राजा गुस्ताव वासाशी झालं. ब्रीताचं लग्न स्टेनबॉक घराण्यात, तिचा मुलगा एरिक, हाच आपला स्लेजवाला. मार्ताचं लग्न 1538 मधे स्वांते स्तूरेशी, त्यांची मुलगी मालिन. म्हणजे एरिक आणि मालिन हे सख्खे मावसभाऊ-मावसबहीण. आता आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कितीतरी घरांत चालतं पण मावशीचा मुलगा म्हणजे भाऊच, त्यामुळे मार्ताला नेमकं काय खटकत होतं हे मराठी माणसाला वेगळं समजवायची गरजच नाही. फक्त एक फरक, तिकडे चर्चला मामाची मुलगी आणि मावशीची मुलगी दोन्ही सारखीच, पहिल्या पिढीची चुलत-मावस-मामे-आते सगळी भावंडं वर्ज्य.

आणि गंमत अशी की गादीवरचा राजा तिसरा युहान आणि स्वार देणारा ड्यूक कार्ल हे दोघं मार्गारेताचे मुलगे, म्हणजे तेही मार्ताचे भाचेच. पळवणारा भाचा, मदत करणारा भाचा, आणि ज्याच्याकडे तक्रार न्यायची तो राजाही भाचाच! आख्खं प्रकरण एका आज्जीच्या नातवंडांमधलं.

हे योगायोगानं झालेलं नाही. स्वीडनमधे सरदार वर्ग फार छोटा होता, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यातली खरी बडी घराणी तर बोटांवर मोजण्याइतकी. 1561 मधे राजा चौदाव्या एरिकनं राज्याभिषेकाच्या वेळी पहिल्यांदाच काउंट आणि बॅरन ह्या पदव्या दिल्या तेव्हा काउंट झाले फक्त तीन: स्वांते स्तूरे, पेर ब्राहे आणि गुस्ताव त्रे रूसोर. ह्या तिघांचं नातं बघा. स्वांते हा मालिनचा बाप. पेर ब्राहेची बायको एरिक स्टेनबॉकची सख्खी बहीण. गुस्तावची बायको एरिकची दुसरी बहीण, तीच सेसिलिया जी पुढे विधवा झाल्यावर भावासोबत ह्यॉर्निंग्सहोल्मला आली होती. सोयरिक करायची तर बरोबरीच्या घरात करायची, आणि बरोबरीची घरं म्हणजे नात्यातलीच, मग एक-दोन पिढ्यांत कोण कोणाचं काय लागतं ह्याचा गुंता होणारच.

ह्या गुंत्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर राजानंच घालून दिलं होतं. मार्गारेता 1551 मधे वारली आणि पुढच्याच वर्षी गुस्ताव वासानं तिसरं लग्न केलं, कोणाशी, तर मेलेल्या बायकोच्या सख्ख्या भाचीशी, ब्रीताच्या मुलीशी, काटारीना स्टेनबॉकशी. तो 56 वर्षांचा, ती सोळा-सतरा वर्षांची. म्हणजे युहान आणि कार्ल यांची मावसबहीणच त्यांची सावत्र आई झाली, आणि युहानपेक्षा ती जेमतेम दोन वर्षांनी मोठी. आर्चबिशप लाउरेन्टियुस पेत्री यांनी विरोध केला, धर्माला हे मान्य नाही म्हणाले, पण राजाच तो, लग्न झालंच. काटारीनाची आधी गुस्ताव त्रे रूसोरशी सोयरिक ठरल्यासारखी होती आणि राजा आला तेव्हा ती झुडपामागे लपली अशी आख्यायिका सांगतात. ती खरी-खोटी काहीही असो, पुढे त्या गुस्तावचं लग्न धाकट्या बहिणीशी लावून दिलं हे मात्र खरं. एक मुलगी राजानं नेली तर दुसरी द्यायची, शब्द घराण्यानं दिलेला असतो, मुलीनं नाही.

हे शेवटचं वाक्य म्हणजे सगळ्याची किल्ली आहे. स्वीडनच्या जुन्या कायद्यात, चौदाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेल्या राज्यभराच्या कायद्यात, मुलीचं लग्न लावून द्यायचा हक्क असलेल्या माणसाला एक खास शब्द होता, गिफ्तोमान. आपल्याकडे कन्यादान करणारा जसा तसा, पण हा नुसता विधीपुरता नव्हता, कायदेशीर अधिकार होता. बहुतेक वेळा बाप, बाप नसेल तर आई नात्यातल्यांच्या सल्ल्यानं. गिफ्तोमानची संमती नाही तर लग्न रीतसर नाही. आणि मुलीनं आईबापाच्या इच्छेविरुद्ध नवरा केला तर तिचा वारसा जातो, आईबापांनी मनापासून माफ केलं तरच परत मिळतो.

वारसा गेला म्हणजे काय गेलं हे पण नीट बघू. खेड्यापाड्याच्या, म्हणजेच सरदारांच्या जमिनींना लागू असलेल्या कायद्यात मुलीला भावाच्या निम्मा हिस्सा मिळायचा. निम्मा का होईना पण मिळायचा, जमिनीसकट, आणि युरोपातल्या बऱ्याच भागांच्या मानानं हे चांगलंच म्हणायचं. त्यामुळे प्रत्येक मुलगी म्हणजे चालती-फिरती जमीन, ती ज्या घरात जाईल त्या घरात काही गावं, काही शेतं, काही हक्क जाणार. शिवाय लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बायकोला साक्षीदारांसमोर एक मोठी भेट द्यायचा, मॉर्गनगोवा म्हणतात तिला, सकाळची भेट असा सरळ अर्थ. दागिने, पैसे, बऱ्याचदा जमिनीचं उत्पन्न. उद्या नवरा मेला तर बाईनं ह्यावर जगायचं. आणि नवरे लवकर मरायचे, सरदार म्हणजे लढाईवर जाणारा माणूस.

म्हणूनच विधवा बाई तिथे फार वेगळ्या जागी होती. कुमारिकेवर बापाची सत्ता, बायकोवर नवऱ्याची, पण विधवा झाली की ती स्वतःची मुखत्यार. वाडे सांभाळायची, शेतसारा वसूल करायची, कज्जे लढायची आणि मुलींची लग्नं ठरवायची. मार्ता अशीच विधवा होती आणि इतक्या कडक शिस्तीची की लोक तिला "राजा मार्ता" म्हणायचे. राणी नाही, राजा.

आता ती विधवा कशी झाली ते सांगितल्याशिवाय तिच्यावर अन्याय होईल. राजा चौदावा एरिक, म्हणजे युहान आणि कार्लचा सावत्र भाऊ, स्तूरे घराण्याला घाबरायचा कारण ह्या घराण्यानं आधी देशाचा कारभार चालवला होता आणि लोकांत त्यांचं वजन होतं. 1566 मधे त्यानं मार्ताच्या मुलाला, निल्सला, डोक्यावर गवताचा मुकुट घालून स्टॉकहोममधून घोड्यावर फिरवलं, जाहीर बेइज्जती. मग भरपाई म्हणून त्याला लोरेनला, आजच्या फ्रान्समधे, राजासाठी राजकन्येची मागणी घालायला पाठवलं. तो परत आल्या आल्या कैदेत. 24 मे 1567 ला उप्सालाच्या किल्ल्यात राजानं स्वतःच्या हातानं निल्सला भोसकलं, थोड्या वेळानं तिथेच कैदेत असलेल्या स्वांतेपुढे गुडघे टेकून माफी मागितली आणि मग तसाच बाहेर जाऊन बाकीच्या कैद्यांना मारायचा हुकूम दिला. स्वांते गेला, त्याचा दुसरा मुलगा एरिक गेला. मार्ताचा आणखी एक मुलगा स्तेन दोनच वर्षांपूर्वी आरमारी लढाईत गेला होता. नवरा आणि तीन तरणेताठे मुलगे, दोन वर्षांत. त्या दिवशी आब्राहाम स्टेनबॉक नावाचा तरुणही मारला गेला, तो स्लेजवाल्या एरिकचा सख्खा भाऊ. म्हणजे मालिन आणि एरिक दोघांच्याही घरात एकाच दिवसाचं सुतक होतं.

मार्तानं नवऱ्याचे आणि दोन मुलांचे त्या दिवशीचे कपडे जपून ठेवले. भोसकल्याची भोकं असलेले कपडे. ते आजही उप्सालाच्या कॅथेड्रलमधे बघायला मिळतात, सोळाव्या शतकातले पुरुषांचे पूर्ण पोशाख इतक्या चांगल्या अवस्थेत फार कमी ठिकाणी उरलेत, म्हणून जगभरातले अभ्यासक तिथे येतात.

आता ह्या बाईच्या जागेवरून विचार करा. घरातले कर्ते पुरुष गेलेत, धाकटे मुलगे आणि मुली उरल्यात. गिफ्तोमान तीच, म्हणजे चुकलं तर देवाघरी जाब तिलाच. आणि मुलगी मावसभावाशी लग्न करायचं म्हणतेय. मार्ताला खरोखर वाटत होतं की असं लग्न म्हणजे देवाचा कोप ओढवून घेणं, ह्या घरावर आधीच काय कमी कोप झालाय का. मला तिच्या हट्टात अहंकारापेक्षा भीती जास्त दिसते.

पण मग चर्चचं म्हणणं नक्की काय होतं? इथे थोडं किचकट आहे. जुन्या कॅथलिक काळात जवळच्या-लांबच्या बऱ्याच नात्यांत लग्नाला बंदी होती पण पोपकडून सूट मिळायची, पैसा आणि वजन असेल तर. गुस्ताव वासानं रोमशी संबंध तोडले आणि चर्च ल्युथरच्या मार्गानं गेलं. आता पोपच नाही तर सूट कोण देणार? बायबलमधे, लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात कोणाशी लग्न करू नये ह्याची यादी आहे, पण त्यात मावस-चुलत भावंडांचा उल्लेख नाही. मग एक बाजू म्हणायची की देवानं मना केलेलं नाही तर आपण कोण, दुसरी म्हणायची की हे नातं रक्ताच्या फार जवळचं आहे, लोकांत लाज जाईल. स्वीडनच्या चर्चनं कडक बाजू घेतली. एरिक-मालिनच्या बाबतीतही आर्चबिशप लाउरेन्टियुस पेत्रींचा कौल विरोधातच होता, तेच ते, ज्यांचं राजानं वीस वर्षांपूर्वी ऐकलं नव्हतं. आणि इथेच त्या दोघांना सगळ्यात जास्त लागलं असणार, कारण राजानं बायकोच्या भाचीशी केलेलं चालतं, ती भाची म्हणजे एरिकची सख्खी बहीण, आणि आमचं मात्र चालत नाही! पुढे शंभरेक वर्षांनी, 1680 पासून, राजाच्या खास परवानगीनं अशी लग्नं व्हायला लागली आणि परवानगीची अट सुटली ती थेट 1844 मधे.

पळवून नेणं हा तर वेगळाच गुन्हा. तेराव्या शतकापासून स्वीडनमधे राजानं शपथेवर दिलेली काही अभयं होती, त्यातलं एक बाईचं अभय, कुठल्याही बाईला जबरदस्तीनं नेलं तर तो नुसता तिच्या घराचा नाही तर राजाचा अपराध. मालिन खुशीनं गेली होती हे उघड दिसत असलं तरी गिफ्तोमानच्या दृष्टीनं ती चोरीच. म्हणून युहानला भाऊ, मावशी, मावसभाऊ ह्या सगळ्यांच्या मधे उभं राहून काहीतरी करणं भागच होतं. त्यानं एरिकला पकडलं, पदं काढून घेतली, आणि काही काळानं सोडून दिलं.

लग्न तरीही होईना, स्वीडनमधे ते लावायला पाद्री तयार नाहीत. शेवटी 1574 मधे दोघं सीमा ओलांडून हालांड प्रांतात गेले, जो तेव्हा डेन्मार्कचा होता, आणि इस्बी नावाच्या गावात डॅनिश पाद्र्याकडून लग्न लावून घेतलं. आता लग्न झालं पण वारसा नाही, मॉर्गनगोवाला मान नाही, आईचं दार बंद. मग सुरू झाल्या विनवण्या. विधवा राणी काटारीना, ड्यूक कार्ल, राजघराण्यातल्या मुली, सगळ्या नातेवाइकांनी मार्ताला पत्रं लिहिली, मधे पडले. शेवटी तिनं मुलीला घरी येऊ दिलं, पण सांगतात की आल्यावर त्या दोघांना आधी वाड्यात घेतलं नाही, बाहेरच्या न्हाणीघराच्या खोलीत ठेवलं, आणि मग हळूहळू मन वळलं. माफी अशी टप्प्याटप्प्यानं मिळते, एका मिठीत नाही, हे ज्यांनी घरात पळून केलेलं लग्न बघितलंय त्यांना माहीत असेल.

दुसरं एक प्रकरण थोडक्यात सांगतो कारण त्यातून बदनामीचा हिशोब कळतो. 1559 मधे गुस्ताव वासाची मोठी मुलगी काटारीना हिचं लग्न आजच्या जर्मनीतल्या पूर्व फ्रिसियाच्या एडझार्डशी झालं, राजानं मुलींसाठी प्रत्येकी 1 लाख डालर हुंडा ठरवला होता, प्रचंड रक्कम. नवरा-नवरी परत जाताना वाटेत वाडस्टेनाच्या किल्ल्यात थांबले, सोबत नवरीची बहीण सेसिलिया, वय 19, आणि नवऱ्याचा भाऊ युहान. रात्री कोणीतरी खिडकीतून सेसिलियाच्या खोलीत चढतंय अशी कुजबुज सुरू झाली. तिचा सावत्र भाऊ एरिक, तोच जो पुढे राजा झाला, त्यानं पाळत ठेवली, माणसं पाठवली आणि युहान तिच्या खोलीत सापडला, विजार नसलेल्या अवस्थेत. युहान तुरुंगात गेला. म्हातारा राजा भयंकर भडकला, मुलीला त्यानं मारलं आणि केस उपटले असं तिनं स्वतः सांगितलंय, पण तितकाच तो एरिकवरही भडकला. झाकून ठेवता येत होतं ते तू चव्हाट्यावर का आणलंस? बाकीच्या मुलींची लग्नं व्हायचीत, आता युरोपातलं कुठलं घर विचारणार? पुढच्या वर्षी युहानला, काही घडलं नाही अशी शपथ घ्यायला लावून सोडलं. सेसिलियाच्या नावानं एक पदकही पाडलं गेलं, एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला बायबलमधली सुसाना, जिच्यावर खोटा आळ आला होता. म्हणजे अब्रू धुवायची तर तीही जाहीरपणे, धातूवर कोरून. 1564 मधे तिचं लग्न बाडेनच्या एका मार्गग्राफशी, म्हणजे जर्मन संस्थानिकाशी, झालं.

आता पुढच्या पिढीत या. मालिनला पळवायला स्वार देणारा तो ड्यूक कार्ल पुढे स्वतः राजा झाला. त्याचा मुलगा दुसरा गुस्ताव आडोल्फ, 1613 च्या सुमाराला एब्बा ब्राहे नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, तिला पत्रं लिहायचा, लग्न करायचं म्हणायचा. एब्बाचे आजोबा एकीकडून पेर ब्राहे आणि आजी एरिक स्टेनबॉकची बहीण, दुसरीकडून आजोबा म्हणजे मार्ताचा भाऊ स्तेन लेयोनहुवूद, म्हणजे दोन्ही धागे तिच्यात एकत्र आलेले. पण तेव्हा कार्ल वारला होता आणि राजाची आई क्रिस्टीना साफ नाही म्हणाली. तिचं गणितही समजण्यासारखं आहे, राजानं आपल्याच सरदाराची मुलगी केली तर एक घराणं बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं आणि परदेशातली सोयरिक हातची जाते. 1616 मधे गुस्ताव आडोल्फला मार्गारेता स्लोट्स नावाच्या बाईपासून मुलगा झाला, 1618 मधे एब्बानं सेनापती याकोब दे ला गार्डीशी लग्न केलं आणि 1620 मधे राजानं ब्रांडेनबुर्गची राजकन्या केली. लोक एब्बाला अजून राजाची हरवलेली प्रेयसी म्हणूनच आठवतात, ह्याचा मला राग येतो. याकोबबरोबर तिचा चाळीसेक नाही तरी तीसेक वर्षांचा संसार झाला, चौदा मुलं झाली, त्यातली निम्मीच जगली, आणि त्या दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रं उरलीत ती मनापासून प्रेमाची आहेत. ठरवून केलेल्या लग्नातही माया असू शकते हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको.

आणि शेवटी आग्नेता हॉर्न, माझी सगळ्यात आवडती. जन्म 1629, बाप फील्डमार्शल गुस्ताव हॉर्न, आईचे वडील खुद्द चान्सलर आक्सेल ओक्सेनशेर्ना, म्हणजे देशातला सगळ्यात ताकदवान माणूस. दोन वर्षांची असताना आई प्लेगनं गेली, 1634 मधे नॉर्डलिंगेनच्या लढाईत बाप कैद झाला तो 1642 पर्यंत सुटला नाही. पोर नातेवाइकांकडे वाढली, मार खात, टोमणे ऐकत. वयात आली तसं सगळ्यांनी ठरवलं की एरिक स्पारेशी लग्न करायचं. ही नाही म्हणाली. आजीनं, आत्या-मावश्यांनी, सगळ्यांनी कान भरले, दबाव आणला, ही नाहीच म्हणाली. तिला लार्स क्रूस हवा होता. तिनं पळून जायचा रस्ता धरला नाही, नुसती वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिली, कारण गिफ्तोमान मुलीला द्यायचा हक्क बाळगून होता तरी वेदीपुढे हो तिलाच म्हणावं लागणार होतं, चर्च ते विचारायचंच. 1648 मधे तिचं लार्सशी लग्न झालं. ती त्याच्यासोबत लढाईच्या छावण्यांतही गेली, पोलंडच्या मोहिमेपर्यंत, आणि तिथेच 1656 मधे तो वारला.

विधवा झाल्यावर तिनं हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून काढलं, लहानपणच्या माराचं, लग्नासाठी झालेल्या छळाचं, लार्सचं. ते बाड कोणाच्या लक्षात न येता पडून राहिलं आणि 1885 मधे एल्लेन फ्रीस ह्या इतिहासकार बाईंना उप्सालाच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत सापडलं. मार्तानं जपलेले कपडे ज्या कॅथेड्रलमधे आहेत तिथून ती लायब्ररी पायी काही मिनिटांवर आहे.